पोळीमागे पंचवीस पेन्स

परदेशातल्या भारतीयांच्या कोणत्याही मेळाव्यात आता एका उद्योजिकेचा सत्कार ठरलेला असतो. शाल, पुष्पगुच्छ, मानपत्र आणि श्रीफळ. (लंडनमध्ये शेंडीचा नारळ हवा असेल तर वेम्बलीच्या ईलिंग रोडपर्यंत जावे लागते, पण मंडळाचे कार्यकर्ते तेवढी पायपीट आनंदाने करतात.) मानपत्राचा मजकूर मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो मला जवळपास पाठ झाला आहे. बाईंनी शून्यातून व्यवसाय उभा केला, हे पहिले वाक्य. आणि त्या आपल्या समाजाचा आवाज बनल्या, हे दुसरे. पहिल्या वाक्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट ते बहुतेक वेळा कमीच पडते. माझा आक्षेप दुसऱ्या वाक्यावर आहे, कारण ते पहिल्यातून आपोआप निघते असे आपण धरून चालतो आणि तसे ते निघत नाही.

हे मी दुरून लिहीत नाही. वायव्य लंडनमध्ये गेली वीस वर्षे मी लहान व्यावसायिकांचे हिशेब पाहते, आणि त्यात स्थलांतरित बायका बऱ्याच आहेत. माणसाचे भाषण आणि त्याची पगारपत्रके शेजारी ठेवून वाचण्याची सवय या धंद्यात लागते.

सत्काराला पात्र असलेल्या यशाचे एक उत्तम उदाहरण म्हणजे परवीन वारसी. बिहारमध्ये जन्मलेल्या या बाई १९७५ मध्ये डॉक्टर पतीबरोबर ब्रिटनला आल्या. दुकानांत मिळणारे समोसे बेचव असतात, एवढ्या साध्या वैतागातून १९८६ मध्ये त्यांनी डर्बीतल्या आपल्या स्वयंपाकघरात व्यवसाय सुरू केला. अॅस्डा या सुपरमार्केटच्या मोठ्या साखळीने नाव झाकून घेतलेल्या चवीच्या चाचणीत त्यांचे पदार्थ निवडले गेले आणि कारखाना उभा राहिला. दोन मुलांच्या आद्याक्षरांवरून कंपनीचे नाव पडले एस अँड ए. पुढच्याच वर्षी ती एका मोठ्या अन्नसमूहात सामील झाली आणि १९९० मध्ये तो समूहच बुडाला. पाहुण्याने घर जाळले म्हणावे असा प्रसंग. १९९१ मध्ये बाहेरच्या गुंतवणूकदारांची मदत घेऊन त्यांनी आपली कंपनी परत विकत घेतली, शेकडो माणसांना काम दिले, आणि २००२ मध्ये त्यांना सीबीई हा सन्मान मिळाला. ज्या बाईला आल्या देशात कोणी ओळखत नव्हते तिने हे करून दाखवावे, याला धाडस आणि चिकाटी दोन्ही लागतात आणि त्याबद्दल कोणी हात आखडता घेऊ नये.

पण अशा यशानंतर एक ठराविक गोष्ट घडते. सरकारी सल्लागार समित्यांवर, उद्योजकांच्या संघटनांत अशा व्यक्तीसाठी खुर्ची तयार असते. त्या खुर्चीवर तिला समाजाने निवडून पाठवलेले नसते, पण ती बसली की समाजाचे प्रतिनिधित्व झाले अशी नोंद होते. शिवाय तिचे आयुष्य पुरावा म्हणून वापरले जाते. तिला जमले, म्हणजे दार उघडेच आहे. इतरांना जमत नसेल तर तो त्यांचा दोष. बाई स्वतः असे म्हणत नसेल, पण तिचे छायाचित्र तिच्या वतीने ते म्हणत राहते. एका माणसाचे यश दाराबाहेर उभ्या असलेल्यांविरुद्ध साक्षीला उभे करण्याची ही पद्धत मला अन्यायाची वाटते, आणि तो अन्याय त्या यशस्वी बाईवरही आहे.

आता "आपला समाज" या शब्दाकडे पाहू. तो उच्चारला की मालक आणि मजूर, व्हिसावाला आणि नागरिक, नवरा आणि बायको हे सगळे एकाच पंगतीला बसल्यासारखे वाटतात. वायव्य लंडनमध्येच एक जागा आहे जिथे हा भ्रम पन्नास वर्षांपूर्वी फुटला. विल्सडन भागातला ग्रनविक हा फोटो धुण्याचा कारखाना. लोक सुट्टीत काढलेले रोल टपालाने पाठवत आणि ते धुऊन परत टपालानेच जात. हे पाकिटांचे काम करणाऱ्यांत पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका मोठ्या संख्येने होत्या. तिकडे त्यांच्या घरी नोकर असत. इथे स्वच्छतागृहात जायलाही परवानगी मागावी लागे. ऑगस्ट १९७६ मध्ये, ऐन उन्हाळी गर्दीच्या दिवसांत, घरी निघालेल्या जयाबेन देसाईंना जादा वेळ थांबण्याचा हुकूम झाला आणि त्या थांबल्या नाहीत. व्यवस्थापकाला त्यांनी सुनावले की तुम्ही चालवता तो कारखाना नाही, प्राणिसंग्रहालय आहे. त्यात तुमच्या तालावर नाचणारी माकडे असतात तसे तुमचे डोके चावून तोडणारे सिंहही असतात, आणि आम्ही ते सिंह आहोत.

पुढची दोन वर्षे संपावर गेलेल्या जयाबेन साडीवर कोट चढवून फाटकासमोर उभ्या होत्या. क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी कारखान्याची पत्रे अडवली, १९७७ च्या उन्हाळ्यात हजारो माणसे त्यांच्या पाठिंब्यासाठी जमली, न्यायमूर्ती स्कारमन यांच्या चौकशीने काढलेल्या कामगारांना परत घ्यावे असे सुचवले, आणि तरीही मालक बधला नाही. जुलै १९७८ मध्ये संप मागे घेतला गेला. तो हरलेला संप होता. हा इतिहास इथल्या शाळांत आता थोडाफार सांगितला जातो, पण त्यातली एक गोष्ट सांगणारे थोडे भेटतात. ग्रनविकचा मालक जॉर्ज वॉर्ड हा स्वतः दिल्लीत जन्मलेला अँग्लो-इंडियन होता. तोही भारतातून आलेलाच. त्या दोन वर्षांत कोणी "भारतीय स्थलांतरितांचा आवाज" शोधायला निघाले असते, तर मालकाच्या कचेरीत जायचे की फाटकावर, हे त्याला आधी ठरवावे लागले असते. दोघांनाही आवाज होता. दोघे एकच गोष्ट सांगत नव्हते.

कोणी म्हणेल, ही फार जुनी गोष्ट झाली. तर मग लेस्टरकडे पाहावे. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने हाकललेले आशियाई लोक इकडे येऊ लागले, तेव्हा याच शहराच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लेस्टरला येऊ नका असे सांगितले होते. ते आलेच, आणि त्यांनी शहराची बाजारपेठ नव्याने उभी केली. ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण २०२० च्या जुलैमध्ये त्याच शहरातल्या शिवणकारखान्यांत कामगारांना तासाला साडेतीन पौंड मिळत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा देशाचे किमान वेतन ८ पौंड ७२ पेन्स होते. शिवणयंत्रावर बसलेल्या बायकांत दक्षिण आशियातल्या अनेक होत्या, आणि त्यांना कमी पैसे देणाऱ्या मालकांतही. कपडे विकणारे बडे ब्रँड किंमत इतकी दाबत की खालच्या मालकाला पिळवणुकीवाचून नफा उरत नसे, हे खरे आहे. पण त्या साखळीत वरचा दाब खाली पोहोचवणारा हात आपल्याच भाषेत बोलत होता, हेही तितकेच खरे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. उद्योजिकेचे आणि तिच्या समाजाचे हित जिथे एकच असते तिथे ती बोलली तर ते चांगलेच, पण त्याला नेतृत्व म्हणण्याची घाई नको. कर्ज सोपे व्हावे, परवाने लवकर मिळावेत, आपल्या सणाला सुट्टी असावी, या मागण्या करताना तिच्या गल्ल्यातला एक पेन्सही कमी होत नाही. खरी परीक्षा तिचा नफा आणि तिच्याकडे काम करणाऱ्या बाईचे हित एकमेकांना छेदतात तिथे होते. तिथे ती काय करते, हे मानपत्र लिहिणाऱ्यांनी विचारले पाहिजे. ते कधीच विचारले जात नाही, कारण ज्या बाईला विचारायचे ती सभागृहात पाहुणी नसते. ती मागच्या खोलीत कागदी ताटल्या मोजत असते.

यावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप माझ्याच एका मैत्रिणीने घेतला. ती म्हणाली, गोऱ्या पुरुष उद्योजकाला कधी कोणी विचारते का, तू समाजासाठी काय केलेस? त्याने नफा कमावला की पुरे. आणि आमच्या बाईने मात्र घर सांभाळायचे, धंदा उभा करायचा, वंशभेद सोसायचा, वर पुन्हा समाजाचे ओझे वाहायचे आणि त्यात खोट निघाली तर तुझे शेरे ऐकायचे. या आक्षेपापुढे मी बराच काळ गप्प होते. तो बरोबर आहे. तिच्यावर समाजकार्याची सक्ती करणे अन्यायच. पण मी ती सक्ती करत नाही. जी बाई फक्त उत्तम धंदा करते तिचा उत्तम धंद्याबद्दल सत्कार करावा आणि तिथेच थांबावे, एवढेच माझे म्हणणे आहे. आवाज ही पदवी आपण होऊन चिकटवायची आणि मग तिची जबाबदारी विचारली की ओझ्याची तक्रार करायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तोही पोकळ नाही. नव्याने आलेल्या बाईला पहिली नोकरी आपल्याच माणसाकडे मिळते. इंग्रजी अडखळते, इथला अनुभव शून्य, पदवीला कोणी विचारत नाही. अशा वेळी स्वयंपाकघरातले चार तासांचे काम हा तिचा या देशातला पहिला स्वतःचा पैसा असतो, आणि तो हातात आल्यावर बाईच्या चालण्यात पडलेला फरक मी पाहिला आहे. इथला कायदाही या बाबतीत थोडा गमतीदार आहे. कुशल कामगार म्हणून आलेला नवरा त्याला बोलावणाऱ्या कंपनीला बांधलेला असतो, पण अवलंबित व्हिसावर आलेली त्याची बायको जवळपास कोणतीही नोकरी करू शकते आणि स्वतःचा धंदाही काढू शकते. (अमेरिकेत याच स्थितीतल्या बायकांना २०१५ पर्यंत कामाची मुभाच नव्हती, आणि आजही ती नवऱ्याचे ग्रीन कार्डाचे प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत गेले असेल तरच मिळते. तिथल्या अनेक मराठी इंजिनीअर मुलींची उमेदीची वर्षे त्यात गेली.) खाद्यपदार्थांचा धंदा घरातून करायचा तर सुरू करण्याच्या २८ दिवस आधी नगरपालिकेकडे नोंद करायची, तीही विनाशुल्क, मग कधीतरी तपासनीस येऊन फ्रिजचे तापमान पाहतो आणि शून्य ते पाच यांतला एक आकडा देऊन जातो. म्हणजे दार बंद नाही.

पण अवलंबित बायकोच्या व्हिसावर आणखी एक अट असते. सरकारी निधीवर हक्क नाही. नवऱ्याने हात उगारला आणि ती घराबाहेर पडली, तर निवाऱ्याच्या पैशांपासून सगळे प्रश्न या एका ओळीपाशी येऊन अडत. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने या अटीविरुद्ध वर्षानुवर्षे झगडून ती थोडी थोडी सैल करून घेतली. २०१२ मध्ये ब्रिटिश किंवा इथे कायम झालेल्या नवऱ्यांच्या बायकांना अशा प्रसंगी तात्पुरती मदत मिळू लागली, आणि २०२४ मध्ये कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायकांनाही. हे काम करणाऱ्यांत मला उद्योजिका फारशा दिसल्या नाहीत, आणि याचे मला वाईट वाटते, कारण अशी घटना सर्वांत आधी उद्योजिकेलाच कळते. पोळ्या लाटणारी बाई दोन दिवस आली नाही आणि तिसऱ्या दिवशी लांब बाह्यांचा स्वेटर घालून आली, तर ते डॉक्टरच्या, पोलिसांच्या, मंडळाच्या अध्यक्षांच्या आधी तिच्या मालकिणीच्या लक्षात येते. तिथे तिने विचारलेला एक प्रश्न, आणि मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यात भरण्याचा आग्रह, कोणत्याही समितीवरच्या भाषणाहून मोलाचा ठरतो. नवऱ्याच्या खात्यात गेलेला पगार कागदावर कामाचाच असतो. बाईच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच.

धंदा आणि समाजाचे काम एकमेकांत इतके मिसळावे की वेगळे काढता येऊ नये, याचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. प्रेमाताई पुरव गोव्याच्या. पोर्तुगीजांविरुद्धच्या लढ्यात कोवळ्या वयात त्यांच्या पायाला गोळी लागली. त्या मुंबईत आल्या तेव्हा गोवा परक्या सत्तेचा मुलूख होता, म्हणजे शब्दशः सीमा ओलांडून आलेली ही मुलगी. गिरणगावात कामगार चळवळीत वावरताना त्यांना दिसल्या त्या खानावळवाल्या: एका खोलीत पंधरा-वीस गड्यांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळ जेवू घालणाऱ्या, संपाच्या दिवसांत उधारीवर वाढणाऱ्या, आणि स्वतः मात्र भुसार दुकानदाराच्या आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या. गिरण्या त्यांच्या जेवणावर चालत होत्या, पण त्यांना धंदेवाईक म्हणून कोणी मोजत नव्हते, बँकही नाही. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, गरिबांना कर्ज देण्याची भाषा होती, आणि तरी तारण काय, हा प्रश्न होताच. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची सुरुवात झाली ती १४ बायकांपासून. एकीला दुसरीने जामीन राहायचे, हेच तारण. इथे नेता आणि जिच्यासाठी बोलायचे ती बाई यांच्यात पगारपत्रक आडवे येत नव्हते. कर्ज बुडाले तर जामीन राहिलेल्या शेजारणीच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नसता, ही शिस्त कोणत्याही लेखापरीक्षणापेक्षा कडक होती. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. ज्या वर्षी परवीन वारसींना सीबीई मिळाला त्याच वर्षी, हा केवळ योगायोग, पण दोन्ही सन्मान मनात शेजारी ठेवून पाहावेत असा. मी एकीला दुसरीपेक्षा मोठी म्हणत नाही. कामे वेगळी आहेत आणि आपण त्यांना एकच नाव देतो, एवढेच दाखवायचे आहे.

प्रत्येक डबेवालीने सहकारी मंडळ काढावे, अशी माझी अपेक्षा नाही. गिरणगावातली ती दाटी, ती चळवळ, तो काळ लंडनमधल्या हॅरोच्या जोडघरांत आणता येत नाही. पण मंडळांना आणि नगरपालिकेच्या समित्यांना एक गोष्ट सहज करता येईल: समाजाच्या वतीने बोलायला उद्योजिकेला बोलावताना तिच्याइतक्याच खुर्च्या तिच्याकडे किंवा तिच्यासारखीकडे मजुरी करणाऱ्यांसाठी ठेवाव्यात, आणि बैठक सकाळी अकराला न ठेवता त्यांचे काम संपल्यावर ठेवावी. सभेची वेळ ही लहान बाब वाटते. कोण येऊ शकते हे तीच ठरवते.

माझ्या अशिलांपैकी एक मराठी बाई डबे करते. सोलापूरकडची, इथे येऊन नऊ वर्षे झाली, पहिली दोन वर्षे एकटीने, आता हाताखाली तिघी. तिला आजवर कोणी शाल दिलेली नाही. मागच्या वर्षी तिच्या वह्या पाहताना मला पोळ्या करणाऱ्या दोघींची मजुरी नगावर लिहिलेली दिसली: पोळीमागे २५ पेन्स. मी विचारले, तासाला किती होतात? घडीची पोळी, लाटून भाजून, सवयीचा हात असेल तर चाळीस. म्हणजे तासाला १० पौंड, आणि एप्रिल २०२५ पासून २१ वर्षांच्या आणि त्यावरच्या कामगाराचे किमान वेतन १२ पौंड २१ पेन्स झाले होते. तिला मी सांगितले की कामाच्या वेळा तू ठरवतेस, तेव्हा हे नियमात बसत नाही, आणि बसत असते तरी बरे नव्हते. ती चिडली नाही. हिशेबाच्या वहीवर बोट ठेवून म्हणाली, "ताई, मी पण आधी एकीकडे वीस पेन्सनी लाटत होते. मला वाटलं, मी तर जास्तच देते." मग थोडे थांबून, "एका डब्यात चार पोळ्या. बावीस पेन्स जास्त पडतील मला, शिवाय आधीचा फरक देणं आलं. गिऱ्हाईक देईल का?"

तिने त्या दोघींना तासावर घेतले, १२ पौंड ५० पेन्स दराने, आणि मागचा फरक तीन हप्त्यांत चुकता केला. डबा ७ पौंडांचा होता तो साडेसातचा झाला. गिऱ्हाइकांना तिने संदेश पाठवला त्यात डाळीच्या भावाचे किंवा पेट्रोलचे नाव घेतले नाही, जे घेतले असते तर कोणी काही म्हटले नसते. पोळ्या करणाऱ्यांना आता कायद्याप्रमाणे मजुरी देते म्हणून दर वाढवत आहे, असे तिने सरळ लिहिले. त्या आठवड्यात अकरा डबे बंद झाले. त्यातला एक आमच्या मंडळाच्या सत्कार समितीतल्या गृहस्थांचा होता. महिनाभरात अकरापैकी चार परत आले. ते गृहस्थ अजून आलेले नाहीत.